गाठीला हवा लागली म्हणून नव्हे, हवा तुटली म्हणून

निपाणीजवळच्या एका गावातून एका तरुण शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत, थोडा आटोपून देतो:

"आमच्या आप्पांना (वय ५८) डाव्या गालाच्या आत फोड होता. वर्षभर गोळ्या-मलम चाललं. शेवटी तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला आणि महिन्याभरात ऑपरेशन झालं. आता रिपोर्टात लिहिलंय, 'डेप्थ ऑफ इन्व्हेजन ११ मिलिमीटर', 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' आहे, आणि मानेतल्या दोन गाठींतही सापडलंय. रेडिएशन सांगितलंय. भावकीत सगळे म्हणतात, तुकडा काढताना सुरी लागली, हवा लागली, म्हणून आत घुसला. मी वाचलं की कॅन्सरच्या गाठीत ऑक्सिजन कमी असतो. मग ऑक्सिजन नसेल तर ती मरायला पाहिजे की! उलट आत घुसायची ताकद तिला येते कुठून? एकांनी सांगितलं, साखर-गूळ बंद करा, गाठ उपाशी मरते. आप्पांनी चहासुद्धा सोडलाय. घरात धाकटा भाऊ मावा खातो, त्याचं तोंड हल्ली पूर्ण उघडत नाही, पण ते वेगळं."

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बेळगावात तीसेक वर्षं गालाचे, जिभेचे, हिरडीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघतो आणि तुमच्या हातात आहे तसले रिपोर्ट लिहितो. रिपोर्ट इंग्रजीत, वॉर्डात समजावणारी सिस्टर कन्नड बोलणारी आणि पेशंट मराठी, असं आमच्याकडं रोज होतं. त्यात मधलं बरंच काही सांडून जातं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी भावकीचं बोलणं. या एका समजुतीनं आमच्या भागात फार माणसं उशिरा आणली आहेत. खानापूर तालुक्यातल्या एक मावशी मला अजून आठवतात. रोज सकाळी मशेरी लावणाऱ्या, खालच्या हिरडीला जखम. सर्जननी तुकडा घ्यायचं म्हटल्यावर हात जोडून म्हणाल्या, "काय ती औषधं द्या, पण सुरी लावू नका, वारं लागंल." परत आल्या त्या सात महिन्यांनी. माझ्या टेबलावर आला तो त्यांचा अर्धा जबडा. त्या सात महिन्यांत सुरी लागली नव्हती.

विचार करून बघा. गालाच्या आतल्या जखमेला हवा लागायला सुरी कशाला हवी? माणूस बोलतो, जेवतो, जांभई देतो, तेव्हा ती हवेतच असते. दुसरं, तोंडाच्या आतल्या कातडीखाली एक अगदी पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. बिघडलेल्या पेशी त्या पडद्याच्या वरच असतील तर आम्ही डिस्प्लेसिया लिहितो, किंवा 'इन सिटू' लिहितो. पडदा फोडून पेशी खाली उतरलेल्या दिसल्या तरच आत घुसणारा कार्सिनोमा असं लिहितो. म्हणजे आप्पांच्या पहिल्या तुकड्यातच तो शब्द आला, याचा अर्थ घुसखोरी त्याआधीच झाली होती. बायोप्सीनं ती दाखवली, घडवली नाही. भावकीला एवढं सांगा.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, जो मला फार आवडला. लोक म्हणतात हवा लागली म्हणून पसरतो. स्लाइडवर मला दिसतं ते बरोबर उलटं आहे. हवा तुटते म्हणून पेशी जागा सोडतात.

गाठ वाढते तशी तिच्या पोटातल्या पेशी रक्तवाहिनीपासून लांब पडत जातात. ऑक्सिजन रक्तवाहिनीतून बाहेर झिरपतो, आणि वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा घेत असल्यामुळं फार लांब पोचत नाही. १९५५ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या स्लाइड घेऊन पट्टीनं मोजल्यासारखं हे मोजलं. रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे ते पावणेदोनशे मायक्रॉनच्या पलीकडं पेशी मेलेल्या होत्या. म्हणजे मिलिमीटरचा सहावा भाग! आजही मोठ्या गाठीची स्लाइड लावली की तेच चित्र दिसतं. काठाला जिवंत, गडद जांभळ्या पेशींची झालर, आणि मधोमध फिकट गुलाबी राख झाल्यासारखा मेलेला भाग.

तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. ऑक्सिजन पार संपला तिथं पेशी मरतातच. पण मेलेला भाग आणि धष्टपुष्ट भाग यांच्यामध्ये एक पट्टा असतो, जिथं ऑक्सिजन आहे पण पुरेसा नाही. श्वासातल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, शरीरातल्या बहुतेक ऊतींना त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर भागवायची सवय असते, आणि या पट्ट्यात तो एक-दोन टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येतो. तिथल्या पेशी मरत नाहीत, धडपणे जगतही नाहीत. सगळा खेळ त्या पट्ट्यात होतो. शिवाय गाठीच्या रक्तवाहिन्या नीट बांधलेल्या नसतात. वाकड्यातिकड्या, गळक्या, आज चालू तर उद्या बंद. त्यामुळं रक्तवाहिनीला चिकटून बसलेल्या पेशींवरसुद्धा मधूनच ही पाळी येते.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून सांगतो. शाळूला वरच्यावर पाणी मिळत गेलं तर मूळ वरच्या वितीतच पसरतं. ताण बसला की ते खोल जातं. गाठीचं काहीसं तसं आहे. फरक एवढाच की मूळ झाडाला धरून असतं, इथं पेशी गाठीपासून सुटून एकेकटी चालायला लागते.

पेशीला हा ताण कळतो कसा, हे ज्यांनी शोधून काढलं त्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा या तिघांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. यंत्रणा इतकी सुंदर आहे की विद्यार्थ्यांना ती शिकवताना मी अजून रंगून जातो. पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन असतं, हायपॉक्सिया इंड्युसिबल फॅक्टर. हायपॉक्सिया म्हणजे ऑक्सिजनची टंचाई. पेशी हे प्रथिन सतत बनवते आणि सतत मोडते. ऑक्सिजन भरपूर असेल तर ते पाच-एक मिनिटंसुद्धा टिकत नाही. कारण ते मोडायचं असेल तर आधी त्याच्यावर एक रासायनिक खूण करावी लागते, आणि ती खूण करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) त्या कामासाठी ऑक्सिजनच लागतो. खूण दिसली की व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन हिफला पकडून मोडीत काढायला पाठवतं. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, व्हीएचएलला हिफ ओळखू येत नाही, आणि हिफ साठत जातं. साठलेलं हिफ केंद्रकात शिरून शेकडो जनुकं चालू करतं.

हिफ हे मुळात वाईट नाही. उंच डोंगरावर गेल्यावर तांबड्या पेशी वाढतात त्या त्याच्यामुळं. पोटातलं मूल कमी ऑक्सिजनमध्ये घडतं ते त्याच्या आधारानं. जखमेवर नवी कातडी चढते तिथंही ते असतं. कर्करोगानं स्वतःचं काही नवीन शोधलेलं नाही. शरीराच्या जुन्या युक्त्या तो चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी वापरतो.

हिफ चालू झालं की पहिल्यांदा पेशी खाण्याची सोय बघते. साखर आत ओढणारे दरवाजे वाढतात, ऑक्सिजनशिवाय साखर फोडून लॅक्टिक आम्ल तयार होतं. ते आम्ल ती बाहेर टाकते, त्यानं आजूबाजूच्या निरोगी पेशी खंगतात आणि आपल्या रोगप्रतिकारक पेशीही तिथं लुळ्या पडतात. मग रक्ताची सोय. व्हीईजीएफ नावाचा निरोप सुटतो आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. इथपर्यंत बहुतेक लोकांनी वाचलेलं असतं. पुढचं कमी वाचलेलं असतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

तोंडाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन ही पकड सांभाळतं. हिफ स्नेल आणि ट्विस्ट ही नियामक प्रथिनं जागी करतं, ती ई-कॅडहेरिनचं उत्पादन दाबतात, आणि पकड सुटते. चौकोनी, शिस्तीत बसलेली पेशी लांबट होते, हालचाल करायला लागते. जोडीला एमएमपी नावाची विकरं सुटतात आणि वाटेतलं कोलॅजन, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारे धागे, कापतात. बेसमेंट मेम्ब्रेन त्यांनीच फुटतो. गाठीच्या पुढच्या काठावर मला हे डोळ्यांनी दिसतं. मागं पेशींचे मोठे, गोल, भरीव कळप, आणि पुढं स्नायूंच्या धाग्यांमधून घुसलेल्या चार-पाच पेशींच्या टोळ्या, कुठं एकटी पेशी. या टोळ्यांना आम्ही बडिंग म्हणतो. त्या जितक्या जास्त, तितकी मला पेशंटची काळजी जास्त वाटते.

पण नुसता ताण दिला म्हणून प्रत्येक पेशी चालायला लागत नाही. दुसरा हात लागतो तो वाढीच्या निरोपांचा.

शरीरात पेशी एकमेकींना "वाढ, हल, जखम भर" असे निरोप रासायनिक रूपात धाडत असतात. यातला एक, ईजीएफ, स्टॅन्ले कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीत शोधला आणि त्यासाठी १९८६ चं नोबेल रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर त्यांना मिळालं. लाळग्रंथीत! आपल्याही लाळेत तो असतो. गाल चावला तर दोन दिवसांत भरतो, त्यात त्याचा वाटा आहे. आता त्याच लाळेत रात्रंदिवस भिजणाऱ्या, तंबाखूनं बिघडलेल्या पेशींचा विचार करा. तोंडाच्या बहुतांश कर्करोगांत हा निरोप ऐकणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीचे कान, गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात.

दुसरा निरोप आहे एचजीएफ. याची गोष्ट मजेची आहे. एका वाटेनं लोक यकृताच्या पेशी वाढवणारा पदार्थ शोधत होते. दुसऱ्या वाटेनं काहींना असा पदार्थ सापडला की जो टाकला तर प्रयोगशाळेतल्या बशीत गठ्ठ्यानं बसलेल्या पेशी पांगून चालायला लागत. त्याला स्कॅटर फॅक्टर, म्हणजे पांगवणारा घटक, असं नाव पडलं. १९९१ पर्यंत स्पष्ट झालं की दोन्ही पदार्थ एकच. हा एचजीएफ गाठीच्या आसपासच्या साध्यासुध्या फायब्रोब्लास्ट पेशी (कोलॅजनचे धागे विणणाऱ्या) बनवतात, आणि तो ऐकणारा कान म्हणजे मेट नावाचा रिसेप्टर.

टंचाई आणि निरोप या दोन्ही हातांची भेट होते ती २००३ मध्ये, इटलीतल्या तुरीनच्या कोमोल्यो यांच्या गटाच्या कामात. त्यांनी दाखवलं की ऑक्सिजन कमी झाला की हिफ थेट मेटचं जनुक चालू करतं, आणि पेशीवर मेटचे कान वाढतात. निरोप तेवढाच, ऐकणारे कान जास्त. त्यामुळं एचजीएफचा जो डोस आधी थोडीशी हालचाल घडवत होता, तोच आता पेशींना जाळीच्या आरपार घुसवायला लागला. आणि मेट बंद पाडलं तर ऑक्सिजन कमी असूनही ही घुसखोरी थांबली. म्हणजे एकट्या टंचाईचं हे काम नव्हतं. टंचाईनं पेशीला वाढीच्या निरोपासाठी हपापलेलं केलं होतं. ताण बसलेल्या रानात अचानक खताचा हात पडावा तसं.

उलट बाजूनंही हे चालतं. ईजीएफसारखा निरोप मिळाला की पेशीच्या आत पीआय३के, एकेटी, एमटॉर अशी एकापुढं एक साखळी हलते आणि हिफचं उत्पादनच वाढतं, ऑक्सिजन ठीक असला तरी. त्यात भर म्हणजे हिफच्या सांगण्यावरून पेशी टीजीएफ-अल्फा नावाचा निरोप स्वतःच बनवायला लागते, जो ईजीएफच्याच कानांना ऐकू येतो. स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची. टंचाई निरोप वाढवते, निरोप टंचाईचा बिगुल वाढवतो, आणि हे चक्र एकदा फिरायला लागलं की गाठीत पुन्हा थोडा ऑक्सिजन आला तरी लगेच थांबत नाही.

यात निवड पण होते, आणि मला ती सगळ्यात भीतीदायक वाटते. पी५३ हे जनुक धड असलेली पेशी टंचाईत सापडली तर शहाण्यासारखी स्वतःला संपवते. ते बिघडलेलं असेल तर ती तग धरते. १९९६ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं गेलं. म्हणजे टंचाईचा प्रत्येक फेरा गरीब पेशींना मारतो आणि निगरगट्ट पेशींना मागं ठेवतो. तंबाखूच्या कर्करोगात पी५३ बिघडलेलं असणं नेहमीचं आहे, म्हणून आपल्या भागातल्या गाठींना हे जास्तच लागू पडतं.

हे सगळं बशीतलं आणि उंदरातलं आहे, माणसात काय, असं कुणी विचारेल. जर्मनीत मिखाएल होकेल यांच्या गटानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठीत बारीक सुई घालून ऑक्सिजन मोजला. ज्या स्त्रियांच्या गाठीत त्याचा दाब १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली होता, त्यांच्यात रोग शेजारच्या ऊतींत आणि लसिकावाहिन्यांत (ऊतींतलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) जास्त शिरलेला होता आणि त्यांचं पुढं वाईट झालं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांच्यावर रेडिएशनऐवजी शस्त्रक्रिया झाली त्यांच्यातही हेच दिसलं. रेडिएशनला ऑक्सिजन लागतो हे आधीपासून माहीत होतं. पण सुरीला तर ऑक्सिजन लागत नाही! मग तिथंही फरक पडला, तो गाठच जास्त घुसखोर झाली होती म्हणून. हे काम १९९६ चं. माझ्या मते या विषयातला तो सगळ्यात बोलका पुरावा आहे.

आता आप्पांच्या रिपोर्टातले शब्द.

डेप्थ ११ मिलिमीटर म्हणजे निरोगी अस्तराच्या पातळीपासून खाली सगळ्यात खोल गेलेली पेशी किती अंतरावर आहे. पूर्वी गाठीची लांबी-रुंदी बघून टप्पा ठरायचा. आता खोलीही मोजतात, आणि ५ व १० मिलिमीटर या दोन रेषा महत्त्वाच्या धरतात, कारण रुंद पण उथळ चट्ट्यापेक्षा छोटी पण खोल गाठ जास्त धोक्याची असते. गाल मुळात किती जाड असतो ते स्वतःच्या गालाला चिमटीत धरून बघा, म्हणजे ११ चा अर्थ लक्षात येईल. पेरिन्यूरल म्हणजे पेशी मज्जातंतूच्या कडेकडेनं सरकलेल्या आहेत. मज्जातंतूही वाढीचे निरोप सोडतात, आणि त्याच्या आवरणातली फट ही तयार पायवाट असते. मानेतल्या दोन गाठी म्हणजे काही पेशी लसिकावाहिनीतून पुढच्या नाक्यापर्यंत पोचल्या होत्या. सर्जननी मानही साफ केली, म्हणजे तिथल्या लसिकागाठी काढल्या, हे फार चांगलं झालं. गालाबरोबर मान आधीच साफ करावी की गाठ आल्यावर, हा वाद बरीच वर्षं चालला होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं २०१५ मध्ये त्याचं उत्तर दिलं. मानेत काही लागत नसतानाच सुरुवातीला ती साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, थांबून नंतर केलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आपल्याच देशातल्या, आपल्यासारख्याच तंबाखू खाणाऱ्या पेशंटांवर झालेलं काम आहे ते.

साखरेचं बोलतो, कारण आप्पांनी चहा सोडलाय हे वाचून मला वाईट वाटलं. साखर तोडली म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करतं, आणि कमी पडलं तर स्नायू मोडून करतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजतो तो माणूस. आणि समजा गाठीचा पुरवठा खरंच तोडता आला, तरी काय होतं? रक्तवाहिन्यांची वाढ अडवणारी औषधं आली तेव्हा तीच आशा होती. काही कर्करोगांत ती उपयोगीही पडतात. पण २००९ मध्ये उंदरांवरच्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं की रक्त तोडल्यावर गाठ आधी आक्रसली, आणि काही ठिकाणी उरलेल्या पेशी जास्त घुसखोर होऊन पसरल्या. मूळचे भारतीय असलेले हार्वर्डचे राकेश जैन तर २००१ पासून सांगत होते की गाठीच्या रक्तवाहिन्या तोडण्यापेक्षा काही काळ नीटनेटक्या करा, म्हणजे औषध आणि ऑक्सिजन आत पोचेल. तेव्हा गाठीला अर्धपोटी ठेवून ती मरेल, या भरवशावर राहू नका. अर्धपोटी राहिलेली गाठच आपल्याला छळते. आप्पांना चहा द्या. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा, पण दूध, अंडी, डाळ, जे पातळ करून गिळवेल ते भरपूर द्या. रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, तेव्हा आज कमावलेलं वजन कामी येतं.

कुणी ऑक्सिजनचं पाणी, ओझोन असलं काही विकायला आलं तर घेऊ नका. गाठीत ऑक्सिजन पोचत नाही तो हवेत कमी आहे म्हणून नव्हे, वाट धड नाही म्हणून.

रेडिएशनला मात्र ऑक्सिजनची साथ लागते. किरणांनी पेशीच्या डीएनएला केलेली मोडतोड ऑक्सिजन असेल तर पक्की होते. अजिबात ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. म्हणूनच आधी गाठीचा मोठा, गुदमरलेला ढीग सर्जननी काढायचा आणि मागं राहिलेल्या विरळ, बऱ्यापैकी रक्त मिळणाऱ्या पेशींवर रेडिएशन द्यायचं, हा क्रम आप्पांसाठी बरोबर आहे. ते साधारण ३० बैठकांचं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालतं, आणि ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. ऑपरेशनची तारीख काढून आजच दिवस मोजा. केमो जोडायची की नाही, हे काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का आणि मानेतल्या गाठीचं कवच फुटलंय का यावर ठरेल. रिपोर्टात ते दोन्ही लिहिलेलं असतं, डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. जिथं सहा आठवडे एकही दिवस न चुकवता जाता येईल ते ठिकाण धरा, बाकी मानापमान नंतर. ऊस तुटायला आलाय, जत्रा आहे, म्हणून मधले चार दिवस सोडणारे पेशंट मी खूप पाहिले आहेत. खंडात उरलेल्या पेशी नव्या दमानं वाढतात.

आप्पा विडी ओढत असतील तर ती या क्षणी बंद. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणजे रेडिएशनला जे हवं तेच आपण हातानं काढून घेतो. रेडिएशन चालू असताना ओढत राहिलेल्यांत उपचार कमी लागू पडतो हे दिसलेलं आहे. निपाणीच्या माणसाला तंबाखूबद्दल बोलणं सोपं नाही, मला माहीत आहे. १९८१ च्या आंदोलनात त्या पिकाच्या भावासाठी तुमच्या भागातल्या माणसांनी काय सोसलं ते या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. पिकवणाऱ्याशी माझं भांडण नाही. आप्पांच्या तोंडाशी आहे.

हिमोग्लोबिन कमी असेल तर ते का कमी आहे हे शोधून लोह, आहार यांनी सुधारा. पण रक्त वाढवायची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं स्वतःहून मागू नका. २००३ मध्ये युरोपात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या पेशंटांना रेडिएशनबरोबर ती दिली गेली. हिमोग्लोबिन छान वाढलं, पण गाठीवरचा ताबा उलट कमी राहिला. तर्कानं बरोबर वाटणारी गोष्ट पेशंटात चुकते ती अशी.

आता धाकट्या भावाबद्दल. तुम्ही लिहिलंत, "पण ते वेगळं." ते वेगळं नाही.

हिफ चालू करतं त्या जनुकांत लायसिल ऑक्सिडेज नावाचं एक विकर आहे. ते कोलॅजनच्या धाग्यांना आडवे टाके घालतं, ऊती कडक करतं. २००६ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर, उंदरांत, दाखवलं गेलं की टंचाईत सापडलेल्या गाठीला पसरायला हे विकर लागतं. ते अडवलं तर पसरणं कमी होतं. कडक झालेली ऊती घुसणाऱ्या पेशीला रुळासारखी उपयोगी पडते. या विकराला काम करायला तांबं लागतं, आणि सुपारीत तांबं भरपूर असतं. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. तो तासन्‌तास गालात धरला की तिथलं लायसिल ऑक्सिडेज वाढतं, गालाखाली कोलॅजन साठत जातं, पट्टे तयार होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वरच्या अस्तराला रक्त पुरत नाही. अशा गालांच्या तुकड्यांत हिफ वाढलेलं आढळलं आहे. म्हणजे कर्करोग व्हायच्या आधीच टंचाईचा पट्टा तयार. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळत राहिली, मावा टपरीवर घोटून मिळत राहिला, आणि विशी-पंचविशीतली पोरं हे असे गाल घेऊन येतात.

त्याला आरशासमोर उभं करा. स्वतःचीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघायला सांगा. तिखट लागलं की तोंडात आग होते का, गालाच्या आत बोट फिरवल्यावर दोरीसारखं काही लागतं का, जीभ पूर्वीइतकी बाहेर येते का, हे विचारा. कुठं पांढरा किंवा तांबडा चट्टा, तीन आठवडे न भरलेला फोड आहे का तेही बघा. मावा आज बंद करायचा. आखडलेलं पूर्ण परत सुटेल असं मी म्हणत नाही, पण सुपारी थांबली की नवे टाके पडणं मंदावतं, आणि तोंड उघडण्याचे व्यायाम व औषधांना काही अर्थ राहतो. आप्पांच्या रेडिएशनच्या पहिल्या भेटीला त्यालाच सोबत न्या, आणि त्याच दवाखान्यात त्याचं तोंड दाखवा. तुकडा घ्यायचा म्हणाले तर घेऊ द्या.